एका परातीवर सहा घरं : आठवीच्या वर्गातला पाण्याचा खेळ

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आठवीच्या वर्गानं पाण्याचा एक खेळ खेळला, मोडला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा बांधला. ते तास मी मागच्या बाकावर बसून पाहिले, नोंदी घेतल्या, मुलांच्या वह्या वाचल्या. त्यावरून हे प्रकरण लिहिते आहे. गावाचं, शाळेचं आणि कुणाचंही नाव इथे नाही. त्याची गरजही नाही, कारण कालव्याच्या लाभक्षेत्राबाहेरचं कुठलंही गाव डोळ्यांपुढे आणलं तरी चालेल.

आधी परिस्थिती. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. जून-जुलैत आभाळ येतं आणि नुसतं सरकून जातं. खाली बेसाल्टचा काळा पाषाण. पाणी धरतो तो वरचा मुरमाड थर आणि खडकातल्या फटी, म्हणजे साठा थोडाच. जिल्ह्याचं सगळं लक्ष उजनीकडे. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृतसाठा म्हणून धरलेला आहे. पाणी त्यात उतरलं की आकडा उणे मोजतात. म्हणूनच 'उजनी उणे' हा शब्द आपल्याकडे शाळकरी पोराच्याही तोंडात असतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. आणि एवढं असूनही हा महाराष्ट्रातल्या मोठ्या ऊस जिल्ह्यांपैकी एक.

ही सगळी माहिती मुलांना होती. 'पाणीटंचाई : कारणे व उपाय' या प्रश्नाला वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी सारखंच उत्तर लिहिलं होतं. पाणी हेच जीवन आहे, पाणी जपून वापरावे, नळ चालू ठेवू नये, झाडे लावावीत. गावात नळाला पाणीच चार दिवसांआड येतं, तो चालू ठेवायचा प्रश्न येतो कुठे! उत्तराला गुण मात्र पूर्ण. सरांना हे बोचत होतं. मुलं घरी रोज पाण्यावरून होणारी भांडणं बघतात, मोटारीची पाळी ठाऊक आहे, बोअर किती फुटांवर लागला ते तोंडपाठ आहे. आणि वहीत मात्र कुठल्या तरी दुसऱ्याच गावाचं उत्तर लिहितात. ही दोन टोकं जोडायची म्हणून त्यांनी खेळ आणला.

साहित्य साधं होतं. स्वयंपाकघरातली मोठी परात, चिंचोके, एक फासा, कागदाची कुपनं. परात म्हणजे गावाचं भूजल. सुरुवातीला तिच्यात ६० चिंचोके. वर्गाची सहा घरं पाडली, प्रत्येक घराला दोन एकर. दर वर्षी घरानं चिठ्ठीवर लिहायचं, कुठल्या एकरात काय. उसाच्या एकराला चार चिंचोके लागणार आणि पाच कुपनं मिळणार. ज्वारीच्या एकराला एक चिंचोका, मिळणार दोन कुपनं. चिठ्ठ्या घडी घालून टेबलावर ठेवायच्या, एकदा ठेवली की बदलायची नाही. पाणी उचलायचा क्रम सोडत काढून. वर्षअखेर परातीत प्यायला म्हणून निदान सहा चिंचोके दिसले पाहिजेत. नसतील तर टँकर, आणि टँकरचे म्हणून प्रत्येक घराकडून दोन कुपनं वजा. मग फासा टाकायचा. एक-दोन पडले तर पाऊस कमी, परातीत १० चिंचोके. तीन-चारला २०, पाच-सहाला ३०. पहिल्या डावात घरांनी एकमेकांशी बोलायचं नाही.

इथे थोडं थांबते. आपल्याकडे शिकवणाऱ्या खेळाची परंपरा जुनी आहे. मोक्षपट घ्या, ज्याचं श्रेय परंपरेनं ज्ञानेश्वरांना दिलं जातं. सद्गुणाच्या घरावर शिडी, दुर्गुणाच्या घरावर साप. फार सुंदर कल्पना आहे ती. पण तिथे खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही, फासा नेईल तिकडे सोंगटी जाणार. प्रतिरूप खेळ म्हणजे सिम्युलेशन तिथे वेगळं पडतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर लढाया खेळल्या जाऊ लागल्या, तेव्हा नशीब फाशावर ठेवलं होतं, पण निर्णय खेळणाऱ्याचा होता आणि डाव संपल्यावर त्याला त्या निर्णयाबद्दल बोलावं लागे. सरांच्या खेळातही फासा फक्त पावसापुरता होता. बाकी सगळं मुलांच्या चिठ्ठीत.

पहिल्या वर्षी पाच घरांनी दोन्ही एकर ऊस लावला. सहाव्या घरानं, त्यात तिघी मुली होत्या, एक एकर ऊस आणि एक एकर ज्वारी. ४५ चिंचोके गेले, १५ उरले. उसाच्या घरांना दहा-दहा कुपनं, सहाव्या घराला सात. वर्गात हशा पिकला, "ज्वारीवाले, ज्वारीवाले!" फासा चारवर पडला आणि परात ३५ वर आली. दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या उघडल्या तर सहाही घरांनी सगळीकडे ऊस! लागणार ४८, आहेत ३५. सोडतीत पहिली आलेली चार घरं आठ-आठ घेऊन मोकळी झाली. पाचव्यासमोर तीन चिंचोके. तेवढ्यात एका एकराचाही ऊस भिजत नाही. ते तसेच परातीत राहिले. सहाव्याला काहीच नाही, आणि सहावं घर त्याच तिघींचं निघालं. शिवाय टँकरची दोन कुपनं सगळ्यांकडून, ज्यांचं पीक वाळलं त्यांच्याकडूनही. फासा दोनवर. तिसऱ्या वर्षी परातीत १३. पुन्हा जवळपास सगळ्यांच्या चिठ्ठीत ऊस. पहिल्या घरानं आठ उचलले, दुसऱ्यानं चार, आणि परातीच्या तळाला एक चिंचोका उरला.

मला इथे लक्षात राहिला तो मुलांचा आवेश. कुणी हताश झालं नाही. "सर, परत! परत खेळू!" असा एकच गलका. खेळाचं बळ मला यात दिसतं. खऱ्या आयुष्यात विहीर आटली की माणूस नव्या डावाची मागणी करू शकत नाही. इथे मुलाला लोभी होऊन बघता येतं, शेजाऱ्याचं पाणी पळवून बघता येतं, आणि त्याची किंमत कागदी कुपनांत मोजून झाल्यावर तोच प्रसंग पुन्हा उभा करता येतो. मजा येते म्हणून खेळ घ्यावा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मजा येतेच. पण चुकण्याची अशी मोकळीक आपल्या वर्गात दुसरं कुठलं साधन देतं?

सरांनी लगेच दुसरा डाव लावला नाही, हे फार चांगलं केलं. उरलेला सगळा तास बोलण्यात घालवला. पहिला प्रश्न त्यांनी त्या सहाव्या घराला विचारला, पहिल्या वर्षी ज्वारी लावली होती, मग दुसऱ्या वर्षी का सोडली? एक मुलगी उभी राहून म्हणाली, "आमी एकट्यांनी पाणी वाचवून काय उपेग सर? आमचं वाचवलेलं बी त्यांनीच उचललं." याच्यावर वर्गात जी चर्चा झाली ती भूगोलाच्या कुठल्याही धड्यातून झाली नसती. एकट्यानं शहाणं होण्यात तोटा आहे, हे त्यांनी अनुभवलं होतं. अर्थशास्त्रज्ञ ज्याला सामाईक संसाधनांचा पेच म्हणतात तो हाच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच अभ्यासासाठी. सामाईक कुरणं, जंगलं, पाणी सांभाळणाऱ्या गावांचा त्यांनी अभ्यास केला आणि दाखवून दिलं की लोक एकमेकांशी बोलू शकत असतील, नियम स्वतः करत असतील आणि नियम मोडणाऱ्यावर नजर ठेवत असतील, तर सामाईक साठा टिकतो. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या खेळांतही नुसतं बोलायची मुभा दिली तरी निकाल बदलत असे.

दुसऱ्या डावात सरांनी तीच मुभा दिली. घरांनी ठरवलं, प्रत्येकानं एक एकर ऊस, एक एकर ज्वारी. पहिलं वर्ष निभावलं. ३० गेले, ३० उरले, फाशानं २० दिले. दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या उघडल्या तर एका घरानं गुपचूप दोन्ही एकर ऊस लावलेला. जो गोंधळ झाला तो सांगता सोय नाही. बाकं सरकली, एक जण परात उचलून घेऊनच पळाला. सरांनी मध्ये पडायचं टाळलं. थोड्या वेळानं मुलांनीच दंड ठरवला, दोन कुपनं आणि पुढच्या वर्षीच्या ऊसबारीतून नाव कमी. शिवाय एक पाटकरी, म्हणजे पाण्याच्या पाळीवर नजर ठेवणारा, नेमला, जो चिठ्ठ्या ठेवतानाच वाचणार. ही 'पाटकरी'ची सूचना कालव्याकाठी मामाचं गाव असलेल्या मुलाची. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायच्या जुन्या व्यवस्थेत, पाटकऱ्याला असाच मान असे. शेकडो वर्षं चाललेली ती व्यवस्था या मुलांनी ऐकलेलीही नव्हती, पण गरज पडल्यावर त्यांचा हात त्याच जागी गेला.

फासा एकवर पडला. परातीत २७. आता एक-एक एकर ऊस लावायचा तर ३० लागणार. तेव्हा सहाव्या घरातली तीच मुलगी म्हणाली, "आधी परात बघू, मग पीक ठरवू." पहिल्या डावात कुणी परातीकडे बघून चिठ्ठी लिहिली नव्हती, सगळे दुसऱ्याच्या कुपनांकडे बघत होते. मुलांनी चिंचोके मोजले. दोन घरांना एकेक एकर उसाची परवानगी, बाकी सगळीकडे ज्वारी. १८ चिंचोक्यांत काम भागलं, नऊ उरले, टँकर टळला. हिवरे बाजारला पावसाळा संपल्यावर गाव बसून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं, हे सरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच झालं असतं.

पुष्कळ शाळांत खेळ इथेच संपवला जातो. सहकार्य केलं की पाणी पुरतं, टाळ्या, चला पुढचा धडा. या प्रकरणाचा खरा भाग मात्र इथून पुढे आहे.

वर्गात मागे बसणारा, एरवी फारसा न बोलणारा एक मुलगा उठला. "सर, ह्यो खेळ खोटा हाय. आमच्या गावात सगळ्यांच्या हिरी एका परातीत न्हाईत. आमची हीर माळावर. संक्रांतीला तळ दिसतोय. ओढ्याकडंच्यांची मोटार शिमग्यापातूर चालती."

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. उताराच्या प्रदेशात मुरलेलं पाणी हळूहळू खाली सरकतं. माळावरच्या विहिरी आधी उघड्या पडतात, ओढ्याकाठच्या शेवटी. एक परात ही सोय होती, खरं गाव तसं नाही. खेळ म्हणजे जगाविषयी कुणीतरी केलेलं एक विधान असतं, आणि खेळाचे नियम म्हणजे त्या विधानाचा मजकूर. जो मुलगा नियमावर बोट ठेवून 'हे खोटं आहे' म्हणतो, तो खेळ बिघडवत नाही, तो शिकण्याच्या सर्वात वरच्या पायरीवर उभा असतो. किती शिक्षक अशा वेळी 'गप खेळ, नियम म्हणजे नियम' म्हणतात! सरांनी खडू त्याच्या हातात दिला.

तिसरी आवृत्ती मुलांनी बनवली. त्यात दोन भांडी. माळावरच्या तीन घरांना थाळी, ओढ्याकाठच्या तिघांना परात. पाऊस दोन्हीत सारखा वाटायचा, पण थाळीतल्या दर पाच चिंचोक्यांतले दोन पाऊस संपताच खाली परातीत जाणार. एका मुलीनं विचारलं, मग बांध घातला तर? ठरलं की तीन कुपनं देऊन थाळीला बांध घालता येईल. मग पाचातला एकच खाली जाईल. यावर ओढ्याकाठची घरं खवळली, "आमचं पाणी अडवताय!" हे भांडण बराच वेळ चाललं. शेवटी कुणीतरी गावातल्याच बंधाऱ्याची आठवण काढली, तो भरला की खालच्या विहिरींना उशिरापर्यंत पाझर राहतो. म्हणून नियम झाला, बांधानं अडवलेला चिंचोका पुढच्या वर्षी खाली येणार. मग लगेच पुढचा प्रश्न, खालच्यांना फायदा होतो तर बांधाचे पैसे एकट्या माळावरच्यांनी का द्यायचे? पाणलोटाच्या कामावर बसलेल्या मोठ्या माणसांच्या बैठकांत हाच प्रश्न नेहमी अडतो. आठवीच्या वर्गानं तो निम्मा-निम्मा करून सोडवला, तोही तास संपल्याची घंटा झाल्यावर, दप्तरं पाठीवर असताना.

बोअरचा नियम घालायला मात्र ते कचरले. कुणी पाच कुपनं देऊन बोअर मारली तर तिनं कुठल्या भांड्यातून पाणी घ्यायचं, यावर एकमत होईना. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, ही खोल विहिरीची रेषा आहे हे सरांनी सांगितलं. त्यावर एकानं शांतपणे आपल्या गल्लीतल्या बोअरची खोली सांगितली, दुसऱ्यानं त्याच्या गल्लीतली. दोन्ही त्या रेषेच्या कितीतरी खाली. तो नियम तसाच राहिला.

दुसरा हल्ला पिकांच्या आकड्यांवर आला. "ज्वारीला दोन कुपनं कुणी ठरवली?" सरांनी प्रश्न घरी पाठवला. मुलं विचारून आली आणि फळा भरून गेला. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत. ऊस लावला की टोळी येते आणि तोडून नेते. उसाला एफआरपीचा, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला किमान दर आधीच ठाऊक, ज्वारीचा भाव बाजारात नेल्यावर कळतो. उलट एका आजीनं नातवाकडे निरोप धाडला होता, कडबा धरा की हिशेबात, कडब्याविना जनावरं काय खातील? मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्या ज्वारीला चार पैसे जास्त मिळतात का, हेही एकानं विचारलं. ज्वारी तीन कुपनांवर गेली, पण एक कुपन मजुरीचं म्हणून आधी भरायचं. म्हणजे हातात पुन्हा दोनच. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळी गावं उसाकडे का जातात याचं उत्तर त्यांनी स्वतः मांडलेल्या बेरजेत होतं.

या काळात एक पालक शाळेत आले. ऊस उत्पादक, स्वभावानं सरळ माणूस. म्हणाले, "गुरुजी, ऊस म्हंजी पाप असं पोरांच्या डोक्यात घालू नका. उसावरच थोरलीचं लग्न झालंय, ह्याची वह्या-पुस्तकं येत्यात." सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि वर्गातच सांगा म्हणाले. त्यांनी मुलांना ठिबकबद्दल सांगितलं, मोकाट पाण्याच्या तुलनेत कितीतरी कमी पाण्यात ऊस कसा येतो, नळ्यांना खर्च किती येतो, उंदीर नळ्या कसे कुरतडतात. त्या दिवसापासून खेळात ठिबकचं कार्ड आलं. आधी चार कुपनं मोजायची, मग त्या एकराचा ऊस दोनच चिंचोक्यांत. मला या माणसाची तक्रार रास्त वाटली. ज्या खेळात कुठलं पीक वाईट ते खेळ बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं, तो खेळाच्या वेषातला उपदेश असतो आणि मुलं तो लगेच ओळखतात. ही तक्रार ऐकून घेतली म्हणून खेळ खरा राहिला.

परिणाम काय झाला, हे मी वह्यांतून सांगते. त्याच प्रश्नाला, 'पाणीटंचाई : कारणे व उपाय', त्या माळावरच्या मुलानं नंतर लिहिलेलं उत्तर असं. "आमच्या वस्तीची विहीर उंचावर आहे त्यामुळे आधी आटते. खालच्यांनी जास्त उपसा केला नाही तरी ती आटतेच, कारण पाणी खाली जाते. म्हणून वर बांध पाहिजे. पण बांधाला खालच्यांनीही पैसे द्यावेत. ऊस बंद करा म्हणून कोणी बंद करणार नाही, ज्वारीला भाव ठरला तर करतील." शुद्धलेखनाच्या चुका मी सुधारल्या आहेत, मजकूर त्याचा. छापील नमुना उत्तराशी ताडलं तर याला कमी गुण पडतील. सरांनी पूर्ण दिले. गणिताच्या तासाला सरासरी पावसाचा प्रश्न मुलांनीच काढला, फाशाच्या हिशेबानं वर्षाला सरासरी २० चिंचोके येतात, मग सहा घरांनी मिळून २० च्या वर गेलं की कधी ना कधी परात रिकामी होणारच. दोरीला दगड बांधून वस्तीवरच्या विहिरींची पातळी मोजणं आणि महिन्याच्या महिन्याला वर्गातल्या तक्त्यावर लिहिणं अजून चालू आहे. घरच्यांनी पीक बदललं का, असं मला काहींनी विचारलं. तेरा वर्षांच्या मुलांच्या खेळावर तो भार टाकणं मला पटत नाही.

मोठ्यांसोबतही असा खेळ झालेला आहे. आंध्र प्रदेशातल्या कोरडवाहू गावांत भूजलाचा पीक-निवडीचा खेळ गावकऱ्यांसोबत खेळला गेला, आणि खेळानंतर सगळ्या गावाची बैठक घेतली गेली. तिथे खेळलेल्या गावांनी पाण्याच्या नोंदी आणि साधे नियम स्वीकारण्याचं प्रमाण न खेळलेल्या गावांपेक्षा जास्त दिसलं. त्यातही बैठक हा खेळाचाच भाग होता, हे मुद्दाम नोंदवते.

आपल्या शाळेत हे करायचं असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. पहिला डाव न बोलता आणि शेवटपर्यंत होऊ द्या, परात रिकामी होताना दिसली तरी मध्ये पडू नका. जेवढा वेळ खेळाला तेवढाच बोलण्याला राखून ठेवा, आणि बोलण्याची सुरुवात हरलेल्या घरापासून करा. जिंकलेल्यांकडे सांगण्यासारखं कमी असतं. सोडतीत कुठलं घर कितवं आलं हे फळ्यावर लिहीत जा, नाहीतर नंतर 'आमचंच घर शेवटी का' यावर वाद होतो. नियमांचा कागद पेन्सिलीनं लिहा. चिंचोके मात्र आधी मोजून पिशवीत भरून ठेवा, दर डावाला चार-पाच तरी बाकाखाली जातात आणि हिशेब चुकतो.